घंटागाडी, दीड किलो

डायनासोर येतात, युनिकॉर्न येतात,
महिन्याला दोन तरी जेसीबी.
हा माणूस मात्र उंबऱ्याबाहेरच थांबला,
म्हणाला, ताई, घंटागाडी जमेल का?
पोराला पाचवं लागतंय.

मी विचारलं, कुठली?
आपलीच. लोकमान्य नगरची. मी चालवतो ती.

फोंडंटचा भाव सांगितला
तेव्हा खिशात गेलेला हात खिशातच राहिला.
मी दोनशे कमी केले,
मग स्वतःचाच राग आला आणि पन्नास वाढवले.

असला साचा बाजारात नसतो.
जांभळी नाक्यावर फुलं मिळतात, मुकुट, फुलपाखरं.
कचरा उचलणारं काही मिळत नाही.

मामंजींनी चष्मा पुसला.
वागळे इस्टेटला एकतीस वर्षं डाय घासल्या त्यांनी.
कंपनी गेली, तिथं आता काचेची इमारत आहे;
कानस तेवढी घरी आली.
गोडेतेलाच्या डब्याची पट्टी कापली,
माझं बोट चिरू नये म्हणून वरची कड दुमडली,
आणि विचारलं, टॉलरन्स किती धरू?
मामंजी, खायचंय ते.
म्हणून काय झालं?

दुसऱ्या दिवशी सकाळी खाली
बायका बादल्या उपडी करत होत्या
आणि हे टेप लावून चाक मोजत होते.
वाघचौऱ्यांनी इंजिन बंद केलं,
गाडीची नाडी बघायला कोणी आलंय अशा चेहऱ्यानं.

ऑक्टोबरची उकड. पंखा लावला तर फोंडंट तडकतो,
नाही लावला तर घामेजतो, आणि मीही.
मलमलच्या पुरचुंडीतून कॉर्नफ्लॉवर झाडत
लाटत होते, पोळीपेक्षा जाड, भाकरीपेक्षा पातळ.
बाटलीतला हिरवा फार आनंदी होता;
थेंबभर काळा, सुईच्या टोकावर तपकिरी,
तेव्हा कुठे महापालिकेचा झाला.

साचा दाबला. सुटला.
कडा अशी, की मामंजी काही बोलले नाहीत
आणि चहा मागितला.

रात्री साडेनऊला फोन. बापाचा नंबर, आवाज पोराचा.
अवधूत बोलतोय. डावीकडं पोचा आहे.
कुठं?
दाराखाली. पप्पांनी नाही केला, खांबानं केला.
पोचा पण काढाल ना?

एवढी सरळ बाजू.
मी अंगठा ठेवला, दाबला.
मामंजींनी तोंड खिडकीकडे फिरवलं.

फोंडंट कोणी खात नाही, हे मला ठाऊक आहे.
सोलून प्लेटच्या कडेला ठेवतात,
आतलं चॉकलेट तेवढं घेतात.
तीन तासांची चाकं, दीड तासाची केळ्याची साल,
नखाएवढी, ओल्या कचऱ्याच्या डब्यात रचलेली.
सवय झालीय. म्हणजे, झालीय असं मी म्हणते.

परवा बादली घेऊन उतरले.
वाघचौरे केबिनमधून वाकून म्हणाले,
ताई, सहाही चाकं खाल्ली त्यानं.
दोन दिवस जीभ काळी.
पोच्याची बाजू फ्रीजात आहे, हात लावू देत नाही.
आणि बाकीचं?
ओल्यात, म्हणाले,
सरळ, धंद्यातल्या माणसासारखं,
आणि माझी बादली पुढे घेतली.

वर आले तर मामंजी जिन्याच्या तोंडाशी.
चाक गोल बसलं होतं ना?
त्यांनी खाल्लं मामंजी, मोजलं नाही.

साचा आता खिळ्याला आहे, मोर आणि मुकुटाच्या मधे.
दुसऱ्यांदा कोण मागणार?
पण पत्रा चांगला, धार चांगली, फुकट कशी घालवायची.
दिवाळीला शंकरपाळ्यांचं पीठ उरलं
ते मामंजींनीच ओढून घेतलं,
आणि पहिलं ताट, वर क्रोशाचा रुमाल,
घंटी वाजल्यावर स्वतः खाली नेऊन दिलं.

दुसरं शेजारी, कुसूरकरांकडे.
त्यांनी एक उचललं, उजेडात धरलं,
म्हणाल्या, छान झालीय हो,
बस आहे का?

मामंजी संध्याकाळपर्यंत जेवले नाहीत.